काबरीचा पहिला नंबर

प्रयोगशाळेच्या कपाटातून वास सुटला तेव्हा पटांगणात गॅदरिंगच्या लेझमीची तालीम चालली होती. पहिल्या रांगेनं नाकाला रुमाल लावला, दुसरीनं लेझमी खाली ठेवल्या आणि तिसरी रांग कुणालाही न विचारता घरी निघून गेली. मुख्याध्यापक नानासाहेब कचेरीतून बाहेर आले, वासाचा माग काढत प्रयोगशाळेपर्यंत गेले आणि दारातूनच ओरडले, "काकासाहेब! काय मेलंय आत?"

"मेलं नाही सर," काकासाहेब सर आतून म्हणाले, "जन्मालाच आलं नाही."

करमाडच्या पुढच्या त्या गावात काकासाहेब सर विज्ञान शिकवायला येऊन इतकी वर्षं झाली होती की त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांची मुलं आता त्यांच्याकडूनच चुंबकाचे ध्रुव शिकत होती. दिवाळीची सुट्टी संपली की ते तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एखादं उपकरण करायला घ्यायचे, नाताळच्या सुट्टीआधी ते शहरात न्यायचे आणि दरवर्षी नेमानं 'उत्तेजनार्थ' बक्षीस घेऊन परत यायचे. पवनचक्कीला उत्तेजनार्थ, ज्वालामुखीला उत्तेजनार्थ, सूर्यचुलीला उत्तेजनार्थ. ती सगळी प्रमाणपत्रं घरच्या बैठकीत ओळीनं टांगलेली होती. पाहुणे आले की सरांच्या पत्नी द्वारकाबाई त्या भिंतीकडे बोट करून म्हणायच्या, "यांना सरकारनं लई उत्तेजन दिलं, पण उपयोग नाय झाला." सरांना ते बोलणं लागायचं. येत्या मे महिन्यात ते रिटायर होणार होते, म्हणजे हे प्रदर्शन शेवटचं. जाता जाता एकदा तरी पहिला नंबर यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ही इच्छा त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती आणि गावात सगळ्यांना ती माहीत होती.

यंदाचं उपकरण होतं अंडी उबवणारं यंत्र. लाकडी पेटी, आतून थर्माकोल, वर झाकण, एका कोपऱ्यात साठचा बल्ब, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याची वाटी आणि भिंतीला भोक पाडून आत सरकवलेला थर्मामीटर, म्हणजे झाकण न उघडता तापमान वाचता येईल. मदतीला सरांनी नववीतली दोन मुलं घेतली होती. एक अजरा, सायकलवाल्या शफीकभाईंची मुलगी; तिला सगळ्या गोष्टींचं कारण लागायचं. दुसरा बद्री, त्याला कशाचंच कारण लागत नसे, पण त्याच्या चुलतीकडे, म्हणजे दगडाबाईकडे, कोंबड्या होत्या. अंडी तिथूनच आली होती.

यंत्रात काही खोट नव्हती. यंत्र विजेवर चालत होतं आणि गावात वीज नव्हती, एवढीच काय ती अडचण. ते दिवस लोडशेडिंगचे होते. एक आठवडा दिवसा लाईट जायची, दुसरा आठवडा रात्री जायची आणि उरलेल्या वेळात तिला वाटेल तेव्हा जायची. पेटीतली अंडी सकाळी गरम व्हायची, दुपारी गार पडायची, संध्याकाळी पुन्हा गरम व्हायची. तीन आठवड्यांनी पिल्लं निघायच्या ऐवजी वास निघाला.

"काकासाहेब," नानासाहेब नाक धरून म्हणाले, "पुन्हा उत्तेजनार्थ आणा, माझी काही तक्रार नाही. पण शाळा बंद पाडू नका. सुट्टीला अजून वेळ आहे."

वास जायला गॅदरिंगवाल्यांच्या उदबत्त्यांचे दोन पुडे लागले. वास गेल्यावर अजरानं तोड काढली. "सर, गाव में लाईट नै रहती, पर जालना रोडवरच्या पेट्रोल पंपावर जनरेटर हाय ना. लाईट गेली की पेटी तिकडं न्यायची, आली की परत आणायची."

सरांना ते पटलं. दगडाबाईकडून नवी अंडी आली आणि पहिल्याच दिवशी लाईट गेल्यावर बद्रीनं पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून पंपाकडे कूच केलं. पंपाच्या अलीकडे एक गतिरोधक होता. सगळ्या गावाला तो ठाऊक होता, बद्रीलाही ठाऊक होता, पण थर्मामीटर वाचत सायकल चालवताना त्याला तो दिसला नाही. पेटी परत आली तेव्हा तिच्यात चार अंडी शाबूत होती आणि बाकीची थर्माकोलला चिकटून होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दगडाबाई शाळेत आली. तिनं लुगड्याचा पदर कमरेला खोचला होता, त्यामुळे नानासाहेब कचेरीतच थांबले.

"सर, माझी अंडी काय केली तुम्ही? पैली नासवली, दुसरी फोडली. शाळेत पोरं शिकवता का आमलेट?"

"दगडाबाई, प्रयोग आहे. विजेचा घोटाळा आहे," सर म्हणाले.

"मंग ईज कशाला पायजे? माझी काबरी खुडूक झालीया. जागची हलंना, दाणा खायला उठंना, जवळ गेलं की टोचतीया. तिच्याखाली ठिवा की अंडी."

कोंबडी खुडूक झाली म्हणजे ती अंडी देणं सोडून नुसती बसून राहते. तिच्याखाली अंडी असोत, दगड असोत की लिंबं, ती ऊब देतच राहते. काबरी चार दिवस एका फुटक्या कपावर बसून होती.

"अहो, हे यंत्र आहे. यंत्रात कोंबडी नसते," सरांनी समजावलं.

"मंग काय असतंय?"

"बल्ब."

"त्यो तर लागंना," दगडाबाई म्हणाली.

शेवटी सरांनी मधला मार्ग काढला. लाईट असेल तोवर बल्ब आणि लाईट गेली की काबरी. ही फक्त तात्पुरती व्यवस्था आहे, असं त्यांनी मुलांना दोनदा सांगितलं आणि स्वतःला त्याहून जास्त वेळा सांगितलं. दगडाबाईनं तिसऱ्यांदा अंडी दिली, ती मात्र काबरीच्या भरवशावर.

काबरीला ही व्यवस्था पहिल्या दिवशीच नामंजूर झाली. लाईट गेल्यावर ती पेटीत बसली आणि लाईट आल्यावर उठेना. सरांनी हात घातला तर तिनं त्यांच्या अंगठ्यातून रक्त काढलं. बद्रीनं तिला दोन्ही हातांनी उचललं तर तिनं असा आरडाओरडा केला की बाहेर कबड्डीच्या मॅचमधल्या चढाईवाल्याचा दम तुटला. त्यानंतर तिला कुणी उठवलं नाही. सकाळी पेटी शाळेत यायची, संध्याकाळी दगडाबाईच्या घरी जायची, काबरी आतच असायची. बल्ब कधी लागला, कधी नाही, इकडे हळूहळू कुणाचं लक्ष राहिलं नाही.

अजराचं मात्र थर्मामीटरवर लक्ष होतं. "सर," ती एक दिवस म्हणाली, "बल्बवर पारा खालीवर होत होता. हिच्याखाली हलतच नै. आणि ती अंडी चोचीनं फिरवती बी. असं का?"

"ते नंतर बघू," सर म्हणाले, "आणि हे बाहेर कुणाला बोलू नको."

सरांच्या मनाला टोचत नव्हतं असं नाही. पण त्यांनी हिशेब बसवला होता. प्रदर्शन शहरात, शहरात लाईट असणार. तिथं पोचल्यावर काबरीला काढायचं, बल्ब लावायचा आणि पिल्लं बल्बच्या उजेडात निघायची. ज्याच्या उजेडात पिल्लू बाहेर येतं त्याचंच ते काम, असं मानायला त्यांना स्वतःला फारसे कष्ट पडले नाहीत. पहिल्या नंबराची आस लागली की चांगला शिकलेला माणूसही असा विचार करू शकतो.

प्रदर्शनाच्या दिवशी तिघं जण काळी-पिवळी जीपमधून शहरात गेले. पेटी सरांच्या मांडीवर होती. जीपमध्ये माणसं इतकी कोंबलेली होती की पेटीतून आलेल्या "क्लॉक" अशा आवाजाबद्दल शेजारच्यानं सरांकडे नाही तर आपल्याच मेव्हण्याकडे रागानं पाहिलं.

यजमान शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली होती. तीन ज्वालामुखी, दोन वाहतूक सिग्नल, फिरत्या पवनचक्क्या, कृत्रिम पाऊस पाडणारी बादली. सगळीकडे बल्ब पेटत होते, मोटारी घरघरत होत्या. सरांनी पेटी टेबलावर ठेवली, वायर जोडली, बल्ब लागला. आता झाकण उघडून काबरीला बाहेर काढणार, इतक्यात बद्री कुजबुजला, "सर, आले!"

परीक्षक गयास सर ठरल्यापेक्षा लवकर आले होते. शहरातल्या कॉलेजात आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस प्रत्येक उपकरणाला हात लावून बघण्याबद्दल प्रसिद्ध होता. काकासाहेब सरांनी झाकण दाबून धरलं. गयास सर पहिल्या ज्वालामुखीपाशी पोचले आणि नेमकी त्याच वेळी हॉलमधली लाईट गेली.

सिग्नल विझले. पवनचक्क्या थांबल्या. बादलीतला पाऊस थांबला. ज्वालामुखींनी थोडा धूर काढला आणि मान टाकली. मुलं हातात वायरी घेऊन उभी राहिली. गयास सर वैतागून एकेका टेबलापुढून सरकत काकासाहेबांच्या टेबलापाशी आले आणि सवयीनं थर्मामीटरवर वाकले. मग त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"तुमचा बल्बही गेला ना?"

"हो सर," अजरा म्हणाली.

"मग पारा उतरत का नाही? बॅटरी आहे आत?"

"नाही सर."

"मग उष्णता येते कुठून?"

अजराला खोटं बोलायची सवय नव्हती. तिनं काकासाहेब सरांकडे पाहिलं, सरांनी छताकडे पाहिलं. "ज्वारी टाकावी लागते, सर," ती म्हणाली.

"ज्वारी? म्हणजे जैवइंधनावर चालतं हे?"

"बाजरी बी चालती," बद्रीनं भर घातली. "मूठभर फक्त."

"आणि अंडी फिरवायची सोय?"

"ते आपोआप होतं सर. आतल्या आत."

पेटीतून खर्जातला "क्रर्र" असा आवाज आला. काकासाहेब सर मोठ्यानं खोकले. गयास सर झाकणाकडे हात नेत होते. "उघडू का जरा?"

"नको सर!" काकासाहेब घाईनं म्हणाले. "ऊब जाईल. पिल्लं निघायला आली आहेत."

हे शंभर टक्के खरं होतं, कारण तेवढ्यात पेटीतून बारीक "चिव" ऐकू आलं. गयास सरांनी कान लावला, त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला आणि ते पुढच्या टेबलाकडे न जाता सरळ कार्यालयात गेले.

थोड्या वेळानं लाईट आली, माईक सुरू झाला आणि निकाल जाहीर झाला. पहिला नंबर, अंडी उबवणी यंत्र. स्वतःच्या शाळेचं नाव ऐकून काकासाहेब सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपलं नाव शेवटी न येता सुरुवातीला आलं, याचा त्यांना मनापासून आनंद झाला. तो आनंद पुढच्या वाक्यापर्यंत टिकला. "आणि आता," माईकवरचे शिक्षक म्हणाले, "प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते यंत्राचं झाकण मंचावर उघडण्यात येईल."

सर हॉलच्या बाहेर गेले, नळाचं पाणी प्यायले, परत आले. पाहुण्यांसमोर, पाचशे पोरांसमोर झाकण उघडून आतून काबरी निघणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. आणि त्याहून वाईट म्हणजे अजरानं दिलेली सगळी उत्तरं त्यांना आठवत होती. पोरगी एकदाही खोटं बोलली नव्हती. नंबर गेला तरी चालेल, पण या पोरीला आपण लबाडी शिकवून पाठवायची नाही, असं त्यांनी ठरवलं आणि ते तडक गयास सरांपाशी गेले.

"सर, त्या पेटीत कोंबडी आहे."

"कसली कोंबडी?"

"गावरान. खुडूक. काबरी नाव आहे. यंत्र चालत नाही, तीच चालवते."

गयास सर कोरड्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. हे तुम्ही मंचावर सगळ्यांसमोर सांगा. झाकण उघडा. कोंबडी निघाली तर नंबर तिथल्या तिथं रद्द."

इकडे बद्रीनंही मंचाची घोषणा ऐकली होती. काकासाहेब सर गायब, झाकण उघडणार, आत काबरी. बद्रीला फार विचार करायची सवय नव्हती, त्यामुळे त्यानं तो केला नाही. लाईट आलेलीच होती, बल्ब पेटलेला होता. त्यानं टेबलाआड बसून झाकण तिरपं केलं, काबरीला स्वेटरच्या आत कोंबलं आणि हॉलच्या मागच्या कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिला. काबरीनं स्वेटरच्या आतून त्याच्या पोटाला काय काय केलं ते त्यानं पुढे कित्येक दिवस दाखवलं.

मंचावर काकासाहेब सरांनी माईक हातात घेतला. "मित्रहो, मला पहिला नंबर मिळाला. पण हे यंत्र नाही. या पेटीत एक कोंबडी बसलेली आहे. जे काही केलं ते तिनं केलं. मला माफ करा." आणि त्यांनी झाकण उघडलं.

आत बल्ब पेटलेला होता. त्याच्या उजेडात फुटलेल्या टरफलांत सहा-सात ओलसर पिल्लं एकमेकांना ढकलत चिवचिवत होती. कोंबडी नव्हती.

"कुठंय?" गयास सरांनी विचारलं.

"आत्ता होती," सर म्हणाले. त्यांनी वाटी उचलून तिच्याखाली बघितलं, तेव्हा हॉलमध्ये हशा पिकला.

"सर खरं बोलतायत!" अजरा खालून ओरडली. "खरंच कोंबडी होती!" तर हशा दुप्पट झाला आणि टाळ्या सुरू झाल्या. पाहुण्यांनी पिल्लू हातात घेऊन फोटो काढला. गयास सर चष्मा पुसत माईकवर आले. "स्वतःच्या कामाचं श्रेय कोंबडीला देणारा शिक्षक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला," ते म्हणाले. "अशी नम्रता आता राहिली नाही."

सरांनी तिथंच आणखी दोनदा बोलायचा प्रयत्न करून पाहिला. दोन्ही वेळा टाळ्या वाजल्या. शेवटी पाहुण्यांनी त्यांच्या हातात प्रमाणपत्र आणि जिल्हा प्रदर्शनाचं निमंत्रण दिलं. सुट्टीनंतर, पुढच्या महिन्यात, नव्या अंड्यांवर, तोच प्रयोग.

गावात बातमी त्यांच्याआधी पोचली होती. नानासाहेबांनी शाळेत पेढे वाटले. द्वारकाबाईंनी भिंतीवरची पवनचक्की काढून तिथं पहिला नंबर लावला. सर मात्र दुसऱ्याच दिवशी, नाताळची सुट्टी लागल्या लागल्या, दगडाबाईच्या दारात उभे होते. "दगडाबाई, काबरी पुन्हा पाहिजे. आजच बसवली तर जिल्ह्यापर्यंत पिल्लं निघतील."

"आता कशाची बसतीया?" दगडाबाई म्हणाली. काबरी अंगणात पिल्लं घेऊन फिरत होती, सरांना बघून तिनं पिसं फुलवली. "पिल्लं मोठी व्हतोवर ती कुठं बसायची नाय. दुसरी बघा एखादी."

मग सर, अजरा आणि बद्री घरोघर फिरायला लागले. आवडाबाईकडे विचारलं, सरूबाईकडे विचारलं. खुडूक कोंबडी कुणाकडेच नव्हती. एवढ्या मोठ्या गावात, जिथं एरवी दर दोन घरांआड एक तरी खुडूक बसून वैताग आणते, तिथं एकही नाही, हे काय गौडबंगाल आहे ते सरांना कळेना. शेवटी ते लक्ष्मीबाईकडे गेले. तिच्या कोंबड्या खुडूक होण्याबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध होत्या.

"लक्ष्मीबाई, एखादी खुडूक आहे का?"

"व्हत्या ना सर, दोन व्हत्या. काल गार पाण्याच्या टाकीत बुडवून काढल्या अन् डालग्याखाली कोंडल्या, खुडूक मोडली त्यांची. आता येतील अंड्यावर. आमच्या सगळ्या आळीनं बुडवल्या."

"सगळ्यांनी? का?"

"आता त्यांना बसवून काय करायचंय? महिना-महिना अंडी बंद, वरून टोचणं. आपल्या गावात पैल्या नंबराचं यंत्र है की." असं म्हणून लक्ष्मीबाई आत गेली आणि गव्हाच्या भुशात नीट रचलेली अंड्यांची पाटी घेऊन आली. मागून आवडाबाई आली, तिच्याही हातात पाटी. सरूबाई पदर सावरत धावत येत होती. "सगळ्या आळीची हैत," लक्ष्मीबाई म्हणाली. "तुमच्यावर इस्वास है सर, म्हणून देतो. पिल्लं न्यायला कवा येऊ?"

सरांनी पाटीकडे पाहिलं. त्यांच्या मागे अजरा आणि बद्री उभे होते. सगळ्या बायका उत्तराची वाट बघत होत्या आणि त्यांच्या तोंडावर सरांबद्दल असा अभिमान होता की सरांना खाली बघावं लागलं.

"तीन आठवड्यांनी," ते म्हणाले, आणि पाटी हातात घेतली.

गल्लीच्या कोपऱ्यावर आल्यावर अजरानं विचारलं, "सर, अब?"

"आता," काकासाहेब सर म्हणाले, "यंत्र करावं लागेल."